जैसलमेरच्या वाळूसाठी फोर बाय फोरला टायर कोणते टाकावे? एमटी (मड टेरेन, चिखलाचे) की एटी (ऑल टेरेन, सगळीकडचे)?

अमळनेरकर_डिझेल

नमस्कार मंडळी. गाडी थार डिझेल फोर बाय फोर, सेकंडहँड घेतलीय, टायर साइझ २४५/७५ आर १६ (रुंदी २४५ मिलिमीटर, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत तिच्या ७५ टक्के उंच, रिम १६ इंची). आधीच्या मालकाने टायर पार टकले करून दिलेत त्यामुळे बदलायचे तर आहेतच. कापूस एकदा घरात आला की डिसेंबरात आम्ही भाऊभाऊ मिळून जैसलमेर, खुरी, लोंगेवाला, तनोट असं फिरून यायचं म्हणतोय. सोबत मामेभावाची जिम्नी आणि एक साधी टू व्हील ड्राइव्ह स्कॉर्पिओ. जाताना धुळे, नवापूर, सुरत, अहमदाबाद, बाडमेर, म्हणजे एका बाजूचं हजार किलोमीटरच्या वर डांबर आणि मग वाळू किती तर जेमतेम दोन दिवस.

आता घोळ असा की इथला टायरवाला म्हणतोय वाळूत जायचं तर एमटीच टाक आणि तेही २४५ सोडून २६५ किंवा २८५ चे, जेवढा रुंद तेवढं चांगलं. घरचे म्हणतात साधे एचटी (हायवे टेरेन, डांबराचे) टाक, एवढा खर्च कशाला. बाकी वर्षभर गाडी शेतात जाते, आपली काळी माती, पावसाळ्यात काय हाल असतात ते सांगायला नको, आणि मधून मधून नाशिक-पुणे. ज्यांनी खरंच वाळूत गाडी चालवलीय त्यांनी सांगा, व्हिडिओ बघून डोकं फिरलंय.

गिरणाकाठ

एमटीच टाक भो. एमटीशिवाय थारला शोभा नाही. आमच्याकडे गिरणेच्या पात्रात एमटीवाल्या गाड्या आरामात फिरतात, एचटीवाले मात्र ट्रॅक्टर बोलवतात.

मस्कतरिटर्न_धुळे

गिरणाकाठ भाऊ, रागावू नका पण गिरणेची वाळू आणि थारच्या वाळवंटातली वाळू यात जमीन अस्मानाचा फरक. नदीची रेती जाड, दाणा टोकदार, खाली ओल असते, चाकाखाली दाबून बसते. टेकड्यांची वाळू वाऱ्याने घासून घासून गोल झालेली, बारीक, कोरडी, चाकाखालून सरकते. नदीत जे चाललं ते तिथे चालेलच असं नाही.

मी ओमानला कंपनीची पिकअप चालवायचो, साइटवर जायचा रस्ता म्हणजे अर्धा वाळूतच, आणि सुट्टीत लोकं वहिबाच्या टेकड्यांकडे जायची तेव्हा त्यांच्यासोबत पण भरपूर फिरलोय. तिथल्या गाड्यांना बहुतेक साधे एचटी नाहीतर एटी टायर असतात. एमटी फार कमी. कारण एमटीच्या नक्षीतल्या मोठ्या गोट्या माती कापायला केलेल्या असतात, मऊ वाळूत त्या तेच करतात, वाळू कापून मागे फेकतात आणि गाडी स्वतःच स्वतःचा खड्डा खणत खाली बसते. अॅक्सिलेटर दाबला की अजून खाली. वाळूत टायर वर तरंगला पाहिजे, खोदायला नको.

आणि तरंगायचं काम नक्षी करत नाही, हवा करते. हिशोब बघ. तुझी थार माणसं-सामान धरून साधारण २१०० किलो पकडू, म्हणजे एका चाकावर सव्वापाचशे किलो. ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला जवळपास अडीच किलो, तर टायर जमिनीला टेकतो तो भाग होतो दोनशे-सव्वादोनशे चौरस सेंटिमीटर, बोटांसकट आपल्या पंज्यापेक्षा थोडा मोठा. तीच हवा १६ वर आणली की हाच भाग साडेचारशेच्या पुढे जातो. साइडवॉलचा ताठपणा धरला तर प्रत्यक्षात थोडा कमी, तरी जवळपास दुप्पट झालाच. आणि तो वाढतो मुख्यतः लांबीत, रुंदीत कमी. आता २४५ चा २६५ केला तर रुंदी वाढली किती, आठ टक्के. हवा सोडायला पैसे लागत नाहीत, २६५ ला लागतात. उलट फार रुंद टायर मऊ वाळूत पुढे वाळूचा ढीग ढकलत जातो, इंजिनला तेवढाच जास्त जोर.

तुझी १६ इंची रिम आहे हे नशीब समज. २४५/७५ आर १६ ला साइडवॉल १८४ मिलिमीटर उंच, वरच्या मॉडेलला येणाऱ्या २५५/६५ आर १८ ला १६६. हवा कमी केली की फुगायला आणि लांब पसरायला ही उंचीच कामाला येते. लोकं स्टाइलसाठी १८-२० ची रिम टाकतात आणि मग वाळूत रडतात.

माझं मत, त्याच साइझमध्ये एटी घे, नक्षी फार खोल नको, खांदे गोलसर असलेला बघ. उरलेल्या पैशात चांगला कॉम्प्रेसर.

अमळनेरकर_डिझेल

वा, असं कोणी सांगितलंच नव्हतं. पण १६ पीएसआय ऐकून पोटात गोळा आला, एवढ्या हवेवर टायर रिममधून निघणार नाही का? आणि डांबरावरून वाळूपर्यंत जाताना काय करायचं?

मस्कतरिटर्न_धुळे

डांबरावर कंपनीने दरवाज्यावर लिहिलेली हवा, बिलकुल कमी नाही. डांबर सुटलं की गाडी थांबवायची आणि चारी चाकं एकसारखी उतरवायची. कडक ट्रॅक असेल तर २४-२५ पुरे. वाळू लागली की १८. १८ ला इंजिन कण्हायला लागलं, गिअर टिकेना तर १५-१६. गाडी बसलीच तर तेवढ्यापुरती १२, बाहेर निघाली की परत १६. १२ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नको, तिथे टायरची कड रिमवरून सुटायची भीती खरी आहे.

टायर सुटतो तो बहुतेक वेळा वेगात स्टेअरिंग फिरवल्याने किंवा उतारावर आडवं चालवल्याने. कमी हवेवर वेग कमी, वळण मोठं आणि सावकाश, ब्रेक मारायचाच नाही, पाय काढायचा, वाळू स्वतःच थांबवते. थांबायचं ते पण उताराकडे तोंड करून. कारण ब्रेक मारला की चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना तोच आडवा येतो. बसलीच गाडी तर रेस करत बसू नको, चाकं सरळ कर, चाकापुढची आणि पोटाखालची वाळू काढ, आलास त्याच चाकोरीतून रिव्हर्स ये.

परत डांबर लागलं की आधी हवा, मग रस्ता. १६ पीएसआयवर ८० ने पळवलं तर साइडवॉल आतून तापून फाटते, बाहेरून काही दिसत नाही आणि दोनशे किलोमीटरवर फुटतो.

टायरवाला_जळगाव

मी धंद्यातलाच माणूस, माझा फायदा एमटी विकण्यात जास्त आहे तरी सांगतो, वरच्या भाऊंचं बरोबर आहे. फक्त टायर घेताना काही गोष्टी दुकानात उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघ, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नको.

साइडवॉलवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. एटी-एमटी आपल्याकडे कमी खपतात म्हणून गोडाऊनला पडून राहिलेला जुना माल "नवीन" म्हणून गळ्यात मारला जातो. रबर सुकलेलं असेल तर कमी हवेवर साइडवॉल वाकते तिथेच बारीक चिरा पडतात. वाळूसाठी घेतोस तर हे जास्तच बघ.

साइझच्या पुढे आकडा आणि अक्षर असतं, समजा १११ एस. १११ म्हणजे एका टायरला १०९० किलो, एस म्हणजे १८० चा वेग. क्यू असेल तर १६०. कंपनीच्या टायरपेक्षा हा आकडा खाली जायला नको. आणि साइझच्या आधी एलटी (लाइट ट्रक) लिहिलेले जे टायर येतात त्यांची साइडवॉल जाड, दगडाधोंड्यात, सातपुड्याच्या घाटात फिरायला मस्त, पण वाळूत त्यांना पसरवायला अजून दोन-तीन पीएसआय खाली उतरावं लागतं. गाडी हलकी असेल तर एलटी वाकतच नाही. जिम्नीला तर घेऊच नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोर बाय फोरला दोन नवे दोन जुने असला प्रकार करू नको. पुढचा टायर घासलेला आणि मागचा नवा म्हणजे दोघांचा घेर वेगळा, फोर एचमध्ये (चारी चाकांना ताकद देणारा मोड) टाकलं की पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी भांडतात आणि भुर्दंड ट्रान्सफर केसला, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरबॉक्सला. घे तर पाच घे, स्टेपनी सुद्धा त्याच साइझची. आणि फोर एच कोरड्या डांबरावर लावू नको, त्याच कारणाने.

ब्रँडचं म्हणशील तर सीएटचा क्रॉसड्राइव्ह एटी, अपोलोचा अॅप्टेरा एटी २, एमआरएफ वाँडरर, योकोहामाचा जिओलँडर एटी, हे आपल्याकडे बघायला मिळतात. बीएफगुडरिच पण लोकं मागतात पण २०२० च्या जूनपासून बाहेरून टायर आणायला लायसन लागतं, त्यामुळे इंपोर्टेड साइझ कधी मिळतो कधी नाही आणि भाव मनमानी. वाटेत टायर फाटला तर बाडमेरला मिळेल असाच साइझ असलेला बरा, हे पण एक कारण २४५ वर राहायचं.

चोपडा_केळीबाग

एक मुद्दा सगळे विसरताय. हा माणूस वर्षातले दोन दिवस वाळूत जाणार आणि चार महिने काळ्या मातीत. आपल्या काळ्या मातीत जुलैमध्ये एटी टायर म्हणजे दहा फुटात गुळगुळीत, सगळ्या खाचा मातीने भरतात आणि मग तो टायर राहतच नाही, मातीचं चाक होतं. तिथे एमटीच्या रुंद खाचा फिरता फिरता माती फेकतात. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला त्या लांब तिरक्या पट्ट्या उगीच नसतात. मी माझ्या जुन्या गाडीला एमटी टाकलेत आणि मला पश्चात्ताप नाही. आवाज येतो, अॅव्हरेज पडतं, पावसात डांबरावर ब्रेक लांबतो, सगळं मान्य.

मस्कतरिटर्न_धुळे

चोपडा भाऊ, तुमचं म्हणणं पटतं, मातीसाठी एमटीच. पण ट्रॅक्टर वाळूत बघितलाय का? तापीच्या पात्रात रेती भरायला उतरलेला ट्रॅक्टर तुमच्याकडे रोज दिसत असेल, कोरड्या वाळूत तोच पट्ट्यांचा टायर कसा भोक पाडतो ते बघा. आणि जड चिकट मातीत तर एमटी पण शेवटी भरतोच, फक्त थोडा उशिरा.

एमटी टाकूनही वाळूत जाता येतं, ते येतच नाही असं नाही. हवा १४-१५ वर ठेवायची, पाय फार हलका ठेवायचा, चाक घुमलं की लगेच सोडायचं. ज्याला सवय आहे तो जाईल. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला घाबरून रेस द्यायची सवय असते आणि एमटी त्याला माफ करत नाही, एटी थोडंफार करतो. आता अमळनेरकरने ठरवावं, चार महिन्यांतले चिखलाचे दिवस जास्त की उरलेलं डांबर जास्त.

साक्रीना_पोऱ्या

आयक ना भाऊ, गाडी तठे टायरमुळे नही फसस, हवामुळे फसस. आम्ही मागे दोस्तसना संगे गयथूत, एक जणनी गाडी टकाटक एमटीवाली, तोच पहिला फसना कारण त्याले हवा काढानी लाज वाटे. साधा एचटीवाला १८ वर मस्त चालना.

इतिहास_भुसावळ

हे हवा सोडण्याचं तंत्र शंभर वर्षं होत आलं. राल्फ बॅगनॉल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० च्या दशकाच्या शेवटी इजिप्तच्या वाळवंटात फोर्ड मॉडेल टी आणि नंतर मॉडेल ए घेऊन फिरायचा. फोर बाय फोर वगैरे काही नाही, मागच्या चाकांवरच्या गाड्या. टायरमधली हवा कमी करायची, रुतली की चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवायच्या, टेकडी दिसली की सरळ वेगात वर घ्यायची. पुढे १९४० मध्ये त्यानेच लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला आणि शेवरोले ट्रक घेऊन हे लोक शत्रूच्या मागे शेकडो मैल वाळूतून जायचे. तेव्हा तुमच्या स्कॉर्पिओवाल्या भावाला सांगा टू व्हील म्हणून अगदीच हिंमत हरू नको, फक्त टेकड्यांपासून लांब आणि ट्रॅकवर राहा.

लोंगेवालाला जाताय तर तिथले रणगाडे नीट बघा. १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानचे रणगाडे आणि गाड्या तिथल्या मऊ वाळूत अडकल्या आणि उजाडल्यावर जैसलमेरहून उडालेल्या आपल्या हंटर विमानांना ते उघड्यावर सापडले. रुतणं काय असतं ते तिथे उभं राहून कळतं.

नंदुरबार_रानवाट

टायर झाले, आता जागेचं बोला. सम-खुरी-सुदासरीकडचा मोठा पट्टा डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये येतो, १९८० साली जाहीर झालेला, ३१६२ चौरस किलोमीटरचा, आणि माळढोक आता जे काही उरलेत त्यातले बहुतेक त्या भागात आहेत. माळढोक जमिनीवरच अंडं घालतो. आपल्याकडे सोलापूर-नगरच्या माळावर एकेकाळी होता, आता नाव काढायला उरला. त्यामुळे दिसली टेकडी की घातली गाडी असं कृपया करू नका, वनखात्याच्या हद्दीत गाडी सोडायची नाही, गावातल्या माणसाला सोबत घ्या, तो बरोबर मोकळ्या टेकड्यांवर नेतो. तनोट-लोंगेवालापर्यंत आपल्याला जाता येतं पण त्यापुढे सरहद्दीकडे बीएसएफच्या परवानगीशिवाय नाही, आणि त्या बाजूला रस्ता सोडून वाळूत उतरायचं तर डोक्यातच आणू नका.

वाळू वाचायला शिका. वारा येतो त्या बाजूचा उतार सौम्य आणि घट्ट, पलीकडची बाजू उभी आणि भुसभुशीत, ३२-३४ अंशांचा कोन. घट्ट बाजूने सरळ चढायचं, माथ्यावर पोचायच्या आधी पाय काढायचा कारण पलीकडे काय आहे ते दिसत नाही, उतरताना पण सरळ. आडवं गेलात की खालच्या बाजूच्या टायरवर सगळं वजन आणि हवा कमी. सकाळी दव पडलेलं असतं, वाळू गार आणि बऱ्यापैकी घट्ट, दुपारनंतर तीच वाळू वेगळी वागते. टेकड्या सकाळीच उरकून घ्या.

काटे! सगळ्यात जास्त पंक्चर वाळूने होत नाही, बाभळीने होतं. विलायती बाभूळ तिकडे रानभर आहे, हवा कमी असली की साइडवॉल बाहेर फुगते आणि काटा नेमका तिथे लागतो. ट्रेडमध्ये असेल तर ट्यूबलेसची बत्ती लावून मोकळे, साइडवॉलला बत्ती टिकत नाही. झुडपाजवळून गाडी नेऊच नका.

अमळनेरकर_डिझेल

एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, आभार सगळ्यांचे. ठरवलं असं की २४५/७५ आर १६ मध्येच एटी, पाचच्या पाच. चोपडा भाऊंचा मुद्दा डोक्यात आहे पण चिखलाच्या दिवसात मी तसाही बाइकने नाहीतर ट्रॅक्टरवर शेतात जातो. आता दोन शंका. कॉम्प्रेसर कोणता, लायटर सॉकेटवाला चालेल का? आणि जिम्नीचे १९५/८० आर १५ फारच बारीक वाटतात, मामेभाऊ २१५ करायचं म्हणतोय.

टायरवाला_जळगाव

जिम्नी बाराशे किलोची गाडी, तिला १९५ भरपूर. १५ इंची रिम आणि ८० ची साइडवॉल, वाळूला याहून चांगलं काय पाहिजे. १६ पीएसआयवर ती तुझ्या थारच्या आधी टेकडी चढेल बघ. मामेभावाचे पैसे वाचव.

कॉम्प्रेसर लायटर सॉकेटचा नको. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १५ अँपिअरचा, म्हणजे १८० वॅट, त्यावर चालणारा पंप छोटाच असणार. एक टायर १६ वरून ३५ वर नेईपर्यंत तापून बंद पडतो आणि अशी बारा चाकं भरायची तुम्हाला तीन गाड्यांची. बॅटरीला चिमटे लावून चालतो तो घे, इंजिन चालू ठेवून भर, पाइप मागच्या चाकापर्यंत पोचतो का ते दुकानातच बघ. हवेचं मीटर वेगळं घे, पंपावरचा काटा खोटं बोलतो.

मस्कतरिटर्न_धुळे

आणि मीटर एकच ठेवा तिन्ही गाड्यांना, नाहीतर एकाचं १६ दुसऱ्याचं १९ असतं. डिसेंबरात तिकडे पहाटे आठ-दहा डिग्री आणि दुपारी पंचवीस, तेवढ्याने रोडच्या हवेत अडीच-तीन पीएसआयचा फरक पडतो, म्हणून सकाळी गार टायरवर मोजायचं. नायट्रोजन भरून जाऊ नको, पहिल्याच टेकडीला सोडून द्यावा लागेल.

कड सुटलीच तर पेट्रोल शिंपडून काडी लावायचे व्हिडिओ बघितले असशील, ते करू नका. चाक जॅकवर घ्या, रिमच्या कडेची वाळू ओल्या फडक्याने पुसा, टायरच्या मधोमध पट्टा आवळा आणि व्हॉल्वची पिन काढून हवा मारा, पट्कन बसतो. पट्टा कड बसायला लागली की लगेच सैल करायचा. जॅकखाली ठेवायला जाड फळी घ्या, वाळूत जॅक गाडी उचलायच्या ऐवजी स्वतःच खाली जातो. फावडं लांब दांड्याचं, आणि ओढायला दोर हुकाला, बंपरला नाही.

साक्रीना_पोऱ्या

फळी इसरू नका भो. तठे दगड बी सापडत नही.

अमळनेरकर_डिझेल

फळी आजच सुताराकडे सांगतो. स्कॉर्पिओवाल्याला मात्र अजून पटत नाहीये की त्याने पण हवा सोडायची, तो म्हणतो मी ट्रॅकवरच राहणार तर कशाला.

मस्कतरिटर्न_धुळे

ट्रॅकवर राहिला तरी २२-२४ वर आण म्हणावं, मागच्या चाकांची आधी. खुरीकडच्या ट्रॅकवर मध्ये मध्ये वाऱ्याने वाळूचे पट्टे आडवे येऊन पडतात, त्याला ते लांबून डांबरासारखेच दिसतील.